पाठीमागचं ऊन

लग्नाच्या शूटिंगवाल्याला गावात दोनच ठिकाणी मान असतो, स्टेजवर आणि पंगतीत. बाकी वेळी तो सगळ्यांच्या पायांत येणारा माणूस. नाथाजी गेली अठरा वर्षं असा लोकांच्या पायांत येत होता. माधवनगरला एका बंद गिरणीसमोरच्या गल्लीत त्याचा एका खोलीचा स्टुडिओ होता. सांगली-मिरजेकडची कितीतरी बारशी आणि वास्तुशांती त्याच्या कॅमेऱ्यात गेल्या होत्या. आता नवी पोरं ड्रोन उडवतात, हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यानं सिनेमासारखं काहीबाही काढतात. नाथाजीनं मात्र आपला खांद्यावर बसणारा जुना व्हिडिओ कॅमेरा सोडला नव्हता. का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचा, "सवय झालीय." खरं कारण त्याची आई होती, आणि ते तो कुणाला सांगत नसे.

तो मूळचा माण तालुक्यातल्या एका वाडीचा, धनगराच्या घरचा. वडील कोंडीबा. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचं सारं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन पाटणच्या अंगाला उतरायचं आणि पावसाच्या आधी परत फिरायचं. आई धोंडुबाई कायम बरोबर. त्यामुळं वाडीत मतदार कार्डाचे फोटो काढायला माणसं आली तेव्हा ती दीडशे मेंढरांबरोबर कोयनेकाठी होती. तिच्या लग्नात फोटो काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिचं चित्र असं साऱ्या जगात एकच होतं, तेही हलतं. अकरा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या, रेश्माच्या लग्नात नाथाजीनं आपल्या नव्याकोऱ्या कॅमेऱ्यानं काढलेलं. आणि त्यात तिचा चेहरा नव्हता.

मे महिन्यातली दुपार होती. दारापुढं मांडव घातलेला. धोंडुबाई मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, लेकाचं नवं यंत्र बघायला. तिच्या मागं उघडं माळरान उन्हानं नुसतं पेटलेलं. नाथाजीनं कॅमेऱ्यावरचा लाईट तिच्यावर सोडला, तशी तिनं पदर पुढं ओढला.

"लाईट नगं रं. डोळं दिपत्यात."

त्यानं लाईट बंद केला आणि तसंच चालू ठेवलं. कॅमेरा ऑटोवर होता. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, उजेड कळतो. समोर एवढं ऊन बघून त्यानं शहाण्यासारखी आपली बाहुली बारीक केली. माळरान झकास आलं, मांडवाच्या झालरीचा एकेक दोरा आला, आणि मधे उभी असलेली धोंडुबाई कोळशासारखी काळी आली. भिंगावरचं एक चाक बोटभर फिरवायचं काम होतं. बाहुली मोठी केली असती, मागचं ऊन जळू दिलं असतं, तर आई दिसली असती. नाथाजीला ते छोट्या पडद्यावर दिसलंही होतं. पण स्टेजवर मुलाकडची मंडळी खोळंबली होती. आई काय घरचीच, तिला मागनं घेऊ, असं मनाशी म्हणून तो तिकडं पळाला. परक्यांची बडदास्त आधी आणि घरचं माणूस शेवटी, ही आपल्याकडची रीतच आहे. मागनं घ्यायचं राहून गेलं आणि आठ महिन्यांनी, पौषात, धोंडुबाई गेली.

तेव्हापासून दर पौषात तिच्या तिथीला आबा माधवनगरला यायचे. जेवण झालं की टीव्हीपुढं बसायचे आणि म्हणायचे, "लाव." नाथाजी लावायचा. मांडवाच्या तोंडाशी ती काळी आकृती आली की आबा तिच्या चालीवरून ओळखायचे. "ही बग आली." पहिल्या वर्षी त्यांनी एकदाच विचारलं होतं.

"नाथा, तोंड का दिसंना रं हिचं?"

"मागं ऊन होतं, आबा."

सगळा दोष उन्हावर ढकलून तो मोकळा झाला. आबांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तेच नाथाजीला जास्त लागलं. पुढं पुढं तर आणखी वाईट झालं. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला जावं तर ती काळी आकृतीच यायला लागली. आई कशी दिसायची हे पोटच्या पोराला आठवू नये, आणि ते त्याच्याच हातानं व्हावं! ज्या कॅमेऱ्यानं हे केलं तो त्यानं म्हणून टाकला नव्हता. टाकला असता तर सुटल्यासारखं झालं असतं, आणि सुटायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटत होतं.

यंदा दसऱ्याच्या सुमारास आबांचा घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, पण आवाज काही सुटेना. दिवाळीनंतर मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी नाथाजीला बाजूला घेतलं आणि स्वरयंत्रच काढावं लागेल असं सांगितलं. जीव वाचेल, आवाज जाईल.

दुसऱ्या कुणाचा आवाज जाणं वेगळं आणि आबांचा वेगळा. बिरोबापुढं ओवी म्हणावी तर कोंडीबानं, असं माण-आटपाडीकडं चार माणसं म्हणत. रात्र रात्र म्हणायचे. लिहिलेलं एक अक्षर नाही, सगळं कंठात. देवाची कथा, कुळांची नावं, कुठल्या कुळाचा कळप कुठल्या साली कुठं तहानेला मेला, सगळं. आता तो कंठच काढणार होते.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आइतवारी देवाफुडं एकदा म्हणतो. सोमवारी घ्या कापून."

डॉक्टर रागावले, आणि मग त्यांनीही मान तुकवली. अर्धा तास म्हणा, ताणू नका, आणि संध्याकाळपर्यंत भरती व्हा. म्हणून एरवी रात्री होणारी ओवी रविवारी भर दुपारी ठरली. नाथाजीनं दोन्ही बॅटऱ्या चार्ज केल्या, भिंग तीनदा पुसलं. आवाज आणि चेहरा, दोन्ही धरायची ही एकच वेळ होती. ही हुकली तर दुसरी नव्हती.

वाडीचं देऊळ बुटकं, दगडी, एका दाराचं. आत दुपारीही सांजवेळ असते. देवापुढं समई, बाकी काही नाही. आणि दाराबाहेर नव्या पांढऱ्या फरशीचं अंगण, त्यावर बाराचं ऊन. आबा पांढरं मुंडासं बांधून, खांद्यावर घोंगडं टाकून देवाकडं तोंड करून उभे राहिले. त्यांच्या दोन्ही अंगांना झील धरणारे चौघे आणि एक ढोलवाला. आटपाडीहून आलेली रेश्मा भिंतीला टेकून बसली. तिच्या हातात आबांच्या कोमट पाण्याचा तांब्या होता.

नाथाजीनं दारातून बघितलं, तर नुसत्या पाठी दिसत होत्या. बाजूनं बघितलं, तर एक कान आणि मुंडाशाची कड. गाणारा देवाकडं बघतो, म्हणजे त्याचा चेहरा फक्त देवालाच दिसतो. तो देवाच्या बाजूच्या कोपऱ्यात जितकं जाता येईल तितकं गेला आणि कॅमेरा खांद्याला लावला. आबांच्या पाठीमागं दार भगभगत होतं. ऑटोवरच्या कॅमेऱ्यानं नेहमीचं शहाणपण केलं. अंगणातली फरशी झकास आली, आणि आबा काळे. अगदी आईसारखे काळे.

घाईघाईनं त्यानं लाईट लावला. गाभाऱ्यातून पुजारी आकाराम ओरडला, "ए नाथा, बंद कर ते! ओवीला समईबिगर उजेड चालत न्हाई, ठावं न्हाई व्हय तुला?"

ठाऊक होतं. आणि लाईट चालला असता तरी उपयोग नव्हता, हेही ठाऊक होतं. मागं एका जत्रेत त्यानं लाईट लावून शूटिंग केलं होतं. भंडारा उधळला, आणि हवेतल्या हळदीवर लाईट पडून पडद्यावर नुसती पिवळी भिंत उभी राहिली होती. माणसं तिच्यामागं गडप. ओवीच्या सुरुवातीला इथंही भंडारा उडणारच होता.

मग एकच जागा उरत होती. देवाच्या आणि आबांच्या मधे, समईला लागून, आबांच्या अगदी समोर. तिथून चेहरा जवळ येईल, समईचा उजेड त्यावर पडेल, आणि चाक हातानं फिरवून मागचं ऊन जळू देता येईल. पण तिथं उभं राहायचं म्हणजे देवाकडं पाठ करायची. दर्शन घेऊन निघताना जिथं माणसं उलट्या पावली उंबऱ्यापर्यंत जातात, तिथं अर्धा तास देवाला पाठ दाखवून उभं राहायचं. नाथाजी स्वतः कधी उलट्या पावलांशिवाय बाहेर पडला नव्हता. तरी त्यानं विचारलं.

आकारामनं कानांवर हात ठेवले. "देवाकडं पाठ? आन् तीबी ओवीच्या टायमाला? आजवर कुणी केली न्हाई गड्या."

दारातून चुलतभाऊ बाळासो म्हणाला, "नाथा, मागनंच घे की. आवाज तर येतुया."

नाथाजीनं कॅमेरा खाली घेतला. तो आबांपुढं गेला, आणि अकरा वर्षं घशात अडकलेलं तिथंच, चार माणसांत, बोलून बसला.

"आबा, रेश्माच्या लग्नात आईच्या मागं ऊन होतं ते खरं. पण चूक उन्हाची नव्हती, माझी होती. एक चाक फिरवायचं होतं. मला दिसत होतं, तरी मी फिरवलं नाही. पाव्हणे खोळंबले म्हणून आईला तशीच सोडून पळालो. तुमच्या मागंही तेच ऊन आहे. मी मागनं घेतलं तर तुम्हीही तसेच जाल."

रेश्मानं तांब्या खाली ठेवला. आबांचा आवाज आधीच चिरका झाला होता. बोलताना ते गळ्यावर हात ठेवायचे.

"आन् हे तू आता सांगतुयास व्हय?" एवढंच म्हणाले. मग आकारामकडं वळले. "आकाराम, थोरल्या दुष्काळात ह्याच जागी, समईम्होरं, माझी मेंढी अडली हुती. मी देवाकडं पाठ करून तिचं कोकरू वडून काढलं. रगात सांडलं हितं. देव मला एका शब्दानं बोलला न्हाई. उभा ऱ्हाऊ दे त्याला."

आकारामनं देवाकडं बघितलं आणि समई एक वीतभर बाजूला सरकवली, नाथाजीचा पाय लागू नये म्हणून.

नाथाजी देवाला पाठ करून उभा राहिला. मानेवर कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. त्यानं ऑटो बंद केलं. पुढं वाकून नुसता आबांचा चेहरा पडद्यात भरला आणि चाक फिरवलं. काळ्यातून आधी मिशा आल्या, मग गालाचं हाड, मग डोळ्यांखालच्या पिशव्या. अजून फिरवलं. कपाळावरच्या आठ्या सुट्या झाल्या. अजून थोडं फिरवलं तशा चित्रात मुंग्या यायला लागल्या, म्हणून जरा मागं घेतलं. मग तिथंच ठेवून तो पाऊलभर मागं सरकला. आबांचं मुंडासं जळून नुसतं पांढरं झालं होतं. मागचं दार, अंगण, दारात दाटलेली सगळी वाडी त्या पांढऱ्यात बुडाली होती. बाळासो खास इस्त्रीचा सदरा घालून बरोबर मधोमध उभा होता, तो तर पार विरघळला. जाऊ दे, म्हणाला नाथाजी मनाशी. सगळं जाऊ दे, हे एवढं राहू दे.

ढोल वाजला. भंडारा उडाला, दारातल्या उन्हात क्षणभर सोन्यासारखा तरंगला आणि खाली बसला. आबांनी देवाचं नाव घेतलं, तसे देवळातले सगळे हात जुळले. नाथाजीचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. त्याला ते जुळवावेसे वाटले, फार वाटले. पण बाहेर ढग येत-जात होते, उजेड सारखा बदलत होता, आणि चाकावरचं बोट काढून चालणार नव्हतं. ढग आला की तो चाक जरा उघडायचा, ऊन आलं की जरा मिटायचा. आबांचा चेहरा त्यानं असा हातात धरून ठेवला होता.

आवाज फाटका होता. वरच्या पट्टीत तो तुटायचा. मग आबा खाली उतरायचे, श्वास घ्यायचे आणि पुन्हा चढायचे. देवाची कथा थोडक्यात झाली, कुळांची नावं झाली. झीलकरी मागून ओळ उचलत होते. वीसेक मिनिटं झाली असतील. आता आबा देवाला आळवून थांबणार, एवढ्यात त्यांनी देवावरची नजर काढली आणि सरळ भिंगात बघितलं.

"आता माज्या धोंडूचं तोंड सांगतो, ऐक रं लेका," ओवीच्याच चालीवर ते म्हणाले.

ढोलवाल्याचा हात चुकला. झीलकऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. देवापुढं मेलेल्या बायकोची ओवी त्यांच्या ऐकण्यात नव्हती.

"डाव्या भवईवर वण हाय, एडक्याच्या शिंगाचा. चाफळच्या वड्याला लागला, मीच हळद भरली.
हनवटीवर तीन ठिपकं गोंदलं, मधला पुसाट. गोंदणारीन म्हणली, ही पोरगी लय हालती.
नाकाचा शेंडा उनानं कायम सोललेला.
हसती तवा आदी डोळं हासत्यात, व्हट मागनं.
फुडचा एक दात आडवा, त्यो झाकाया पदर धरती. लाईटला न्हाई भीत, लेका, दाताला लाजती."

झीलकऱ्यांतल्या एकानं हळूच शेवटचे शब्द उचलले, "दाताला लाजती," आणि मग बाकीच्यांनी. रेश्मा तोंडात पदर कोंबून रडत होती. नाथाजीही रडत होता. डोळे पाण्यानं भरून त्याला पडद्यातलं काही दिसेना. बाहेर ढग आला हे त्याला अंगावरच्या गारव्यानं कळलं, आणि बोटानं चाक आपलं आपण थोडं उघडलं. अकरा वर्षांपूर्वी जे करायचं राहिलं ते बोटानं आत्ता केलं. आणि कानांवाटे ती येत होती: भुवईवरचा वण, आडवा दात, सोललेलं नाक. होय, अशीच होती. हसताना आधी डोळेच हसायचे. आपण हे विसरलोच कसे, असं वाटून त्याला हुंदका आवरेना.

आबांनी शेवटची ओळ पुरी केली नाही. आवाज मधेच संपला. रेश्मानं तांब्या पुढं केला.

सोमवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. गळ्याला भोक पाडून श्वासाची सोय केली होती. आबा हातानं खुणा करायला शिकले, नातवंडांना रागवायला टाळी वाजवायला शिकले. ओवीचं शूटिंग नाथाजीनं वाडीत दाखवलं तेव्हा बाळासो चिडला. "आमी एवढं उनात उभं ऱ्हायलो आन् सगळं पांढरंफटक?" बाकीचे मात्र आबांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. इतक्या जवळून तो कुणी कधी बघितलाच नव्हता. आजवर फक्त देवानं बघितलेला.

पौषात तिथी आली. आबा आता माधवनगरलाच होते. जेवण झालं. ते टीव्हीपुढं बसले. "लाव" म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

नाथाजीनं लग्नाचं शूटिंग लावलं. पण यंदा त्यात त्यानं एक काम करून ठेवलं होतं. मांडवाचा गोंगाट, सनई, सगळं काढून टाकलं होतं. काळी आकृती मांडवाच्या तोंडाशी आली आणि आबांचा स्वतःचा आवाज खोलीत सुरू झाला. डाव्या भवईवर वण हाय, एडक्याच्या शिंगाचा.

आबा दचकले. गळ्यावरच्या पट्टीकडं त्यांचा हात गेला. आपण हे करायला नको होतं की काय, असं नाथाजीला वाटलं. मग आबा हळूच उठले, टीव्हीजवळ गेले. आवाज एकेक सांगत होता, आणि त्यांचं बोट त्या काळ्या चेहऱ्यावर एकेक जागा दाखवत होतं. हनुवटीवर तीनदा टेकलं. नाकाच्या शेंड्यावर टेकलं. जिथं ओठ असणार तिथं थोडं आडवं फिरलं. पडद्यावर धोंडुबाई पदर सावरून पुढं निघणार, एवढ्यात बोट पुन्हा वर गेलं आणि तिच्या डाव्या भुवईवर, वण होता तिथं, हळद भरल्यासारखं थांबलं.

नाथाजीनं रिमोट उचलला आणि तिला तिथंच थांबवलं.